मीटर वाजला म्हणजे कॉम्प्रेसर जळाला असं नसतं

मे 2023 मध्ये आमच्याकडून एका माणसाने 16,850 रुपये नेले. त्याच्या हातात मल्टिमीटर (वीज मोजायचा मीटर) होता, तो वाजला आणि आम्ही विश्वास ठेवला. तो आवाज नेमका कशाचा होता, हे कळायला मला वर्ष लागलं. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितेय.

आम्ही नागपूरला राहतो. सासरे 78 वर्षांचे, दम्याचा त्रास. कूलरच्या दमट हवेने त्यांची छाती भरते, म्हणून एप्रिल 2019 मध्ये त्यांच्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी बसवला. साधा, इन्व्हर्टर नसलेला. चार उन्हाळे त्याने तक्रार केली नाही. मग त्या मे महिन्यात एका दुपारी आतून वारा येत राहिला, पण गार होईना. बाल्कनीत जाऊन ऐकलं तर आउटडोअरचा पंखा फिरत होता आणि मधून मधून आतून ‘गुंSS’ असा जड आवाज यायचा. पाच-सात सेकंद, मग ‘टक्’ आणि बंद. थोड्या वेळाने परत तेच.

बाबांना धाप लागायला लागली होती. मी फोनवर कंपनीचं नाव आणि पुढे ‘सर्व्हिस सेंटर नागपूर’ असं टाकून शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. पहिली चूक तिथेच झाली. तो कंपनीचा नंबर नव्हता, कंपनीचं नाव लावून बसलेल्या कुणाचा तरी होता. खरा नंबर वॉरंटी कार्डावर छापलेला होता आणि ते कार्ड कपाटात होतं.

तासाभरात एक जण आला. अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, बोलणं आदबीचं. आउटडोअरचं झाकण काढलं, मीटरचा खटका फिरवला आणि आतल्या चंदेरी डब्याच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या, दोन टोकांना काळी-लाल सळई लावली. मीटर वाजायला लागला. सळया लावून ठेवल्या तोवर वाजतच राहिला.

“मॅडम, देखिए. कपॅसिटर शॉर्ट बता रहा है. इसी ने कॉम्प्रेसर जला दिया.”

मीटर त्याने माझ्यापुढे धरला होता. मी स्वतः ऐकलं. शंका कशी घेणार? वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला, कंपनीकडून कॉम्प्रेसर यायला पंधरा-वीस दिवस लागतील, आणि गॅसचे नि मजुरीचे पैसे तेव्हाही द्यावेच लागतील. खाटेवर बसून श्वास ओढणाऱ्या बाबांकडे बघत मी हो म्हटलं. आउटडोअर ते घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून बसवला. आत काळा कुळकुळीत कॉम्प्रेसर. एसी सुरू झाला, गार हवा आली, बाबा झोपले. कॉम्प्रेसर 11,500, गॅस 3,000, कपॅसिटर 850, मजुरी 1,500. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर “कल भेजता हूँ”. ते कधी आलं नाही.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे राहिली. काढलेला जुना कपॅसिटर बाल्कनीच्या कट्ट्यावरच राहिला होता. मुलाने तो उचलून त्याच्या खेळण्यांच्या डब्यात टाकला.

पुढच्या वर्षी मे संपता संपता पुन्हा तेच. गुंSS, टक्, बंद. त्याच आठवड्यात नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंशांची नोंद झाल्याची बातमी सगळीकडे फिरत होती, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की त्या केंद्राच्या सेन्सरमध्येच दोष होता. माझा भाचा तेव्हा आमच्याकडे आला होता. नणंदेचा मुलगा, आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलेला, आता एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्या बातमीवरून तो म्हणाला, “मामी, आकडा आला का आपण मान्य करून टाकतो. तो कुठून आला ते कोणी पाहतच नाही.” आणि मला गेल्या वर्षीचा मीटर आठवला. मी त्याला सगळं सांगितलं.

तो एकच प्रश्न विचारत राहिला: “मीटर लावला तेव्हा कपॅसिटरच्या वायरी काढल्या होत्या का?”

नव्हत्या काढल्या. मला चांगलं आठवत होतं, कारण लाल वायर त्याच्या बोटाखाली आली होती आणि त्याने ती नुसती बाजूला सरकवली होती.

मग त्याने आउटडोअर उघडला आणि मला शेजारी उभं करून दाखवलं. आधी एसीचा एमसीबी खाली, आणि खोलीतल्या माणसांना ‘कुणी हात लावायचा नाही’ अशी ताकीद. वायरी कुठे कुठे लागल्यात त्याचा फोनवर फोटो. मग एक जुना पिवळा 60 वॉटचा बल्ब होल्डरमध्ये घालून त्याच्या दोन वायरी कपॅसिटरच्या टोकांना काही सेकंद टेकवल्या. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते. वीज बंद केली तरी ती हाताला जबर झटका देऊ शकते आणि मीटरही जाळू शकते. काही जण स्क्रूड्रायव्हर आडवा टाकतात, मोठी ठिणगी उडते, टोकं जळतात. तो तसं करू देत नाही.

त्यानंतरही वायरी तशाच ठेवून त्याने आधी बझरवर, म्हणजे वीज सलग वाहते का हे वाजून सांगणाऱ्या खटक्यावर, सळया लावल्या. मीटर वाजला. अगदी गेल्या वर्षीसारखा, अखंड. मग त्याने एका बाजूच्या वायरी उपसून काढल्या आणि पुन्हा लावल्या. काही नाही. एकदम शांत.

“आता सांगा, काय वाजत होतं?”

कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये तांब्याच्या तारेचे दोन गुंडाळे असतात, एक चालू ठेवणारा आणि एक सुरू करून देणारा. कपॅसिटरची दोन टोकं या गुंडाळ्यांच्या दोन टोकांना जोडलेली असतात. म्हणजे वायरी न काढता सळया लावल्या की मीटरची वीज कपॅसिटरमधून न जाता तांब्यातून फिरून येते. त्या तांब्याचा रोध जेमतेम काही ओहम. एवढ्यावर कुठलाही मीटर वाजणारच. भाचा म्हणाला, हे गुंडाळे (वाइंडिंग) तुटले असते तर मीटर वाजलाच नसता. ज्या आवाजाने मला सांगितलं गेलं की कॉम्प्रेसर जळाला, तोच आवाज सांगत होता की त्याची तार सलग आहे. हे ऐकलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. मी पुरावा समोर ऐकला होता आणि तो उलटा वाचून मला विकला गेला होता.

मग त्याने मीटर कपॅसिटन्सवर, म्हणजे कपॅसिटरची क्षमता मोजण्यावर, घेतला. नवीन म्हणून बसवलेला कपॅसिटर: वर छापलेलं 50 मायक्रोफॅरड (क्षमतेचं माप), अधिक-उणे 5 टक्के. म्हणजे 47.5 ते 52.5 च्या आत यायला हवा. आकडा आला 36.8. डब्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना महिना-वर्ष, ना आयएसआय खूण. मुलाच्या खेळण्यांतून जुना शोधून आणला. त्याच्यावरही 50. आकडा आला 11.3.

म्हणजे 2023 मध्ये एवढंच झालं होतं. सिंगल फेजची मोटर आपली आपण सुरू होत नाही, तिला सुरुवातीला एका बाजूने रेटा लागतो. तो रेटा कपॅसिटर देतो. 50 चा 11 झाला की रेटा पुरत नाही, मोटर जागच्या जागी घुमते, करंट बेसुमार ओढते, आणि जळू नये म्हणून ओव्हरलोड (करंट वाढला की वीज तोडणारा खटका) तिला तोडतो. गुंSS आणि टक्. तो आवाज कॉम्प्रेसर मरण्याचा नव्हता, स्वतःला वाचवण्याचा होता.

11 का झाला, तेही त्याने सांगितलं. या कपॅसिटरमध्ये प्लास्टिकच्या पातळ फितीवर धातूचा त्याहून पातळ थर असतो. विजेचा झटका बसला की थराला टाचणीएवढं भोक पडतं आणि तेवढी जागा जळून बाजूला पडते, म्हणजे कपॅसिटर शॉर्ट न होता चालू राहतो. हे चांगलंच आहे, पण प्रत्येक भोकाबरोबर क्षमता जराशी घटते. आमचा आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर, मे महिन्याचं ऊन आणि शेजारी कॉम्प्रेसरची धग. चार वर्षांत एवढं होणं नवल नाही. बाबा हे ऐकत होते. त्यांच्या शब्दांत ‘पंख्याचा कंडेन्सर गेला की पंखा मंद होतो, तसंच की’. तसंच. छताच्या पंख्याचा 2.5 चा उतरतो, कूलरच्या मोटरचा उतरतो, आणि तिथेही ‘रिवाइंडिंग करावं लागेल’ म्हणणारे भेटतात.

कॉम्प्रेसरकडे भाच्याचं लक्ष शेवटी गेलं. तो वाकून नळ्या बघत होता. कॉम्प्रेसर बदलायचा तर त्याच्या दोन्ही तांब्याच्या नळ्या कापून नव्याने ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून जोडकाम, करावं लागतं. सांधा नवा दिसतो, आजूबाजूचं तांबं काळं-जांभळं पडतं. आमच्याकडच्या सांध्यांवर चार-पाच वर्षांची धूळ तेलात बसून घट्ट झालेली होती, आणि काळ्या स्प्रेचे शिंतोडे त्या धुळीवर होते. त्याने कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा रंग नखाने खरवडला. खालून अक्षरं वर आली. बनावटीचं साल 2019.

कॉम्प्रेसर बदललाच नव्हता. एक रात्र नेऊन रंग मारून आणला होता. 11,500 रुपये एका स्प्रेच्या डब्याचे. आणि तो कॉम्प्रेसर पाच वर्षांच्या वॉरंटीत होता, एप्रिल 2024 पर्यंत. मी खरी तक्रार केली असती तर कंपनीचा माणूस येऊन कपॅसिटर बदलून गेला असता.

भाच्याने सीताबर्डीतून साडेतीनशेचा कपॅसिटर आणला: 50 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट, आयएसआय खूण आणि त्यावर आयएस 2993 हा क्रमांक. दुकानातच मीटर लावून घेतला, 49.6. बसवल्यावर एसी चालू असताना क्लॅम्प मीटरने (हा वायरीभोवती अडकवून करंट मोजतो) कपॅसिटरच्या वायरीतला करंट आणि त्याच्या दोन टोकांतलं व्होल्टेज मोजलं. हे शिकलेल्यानेच करायचं काम आहे, तिथे तीनशेच्या वर व्होल्ट असतात. 5.6 अॅम्पिअर आणि 356 व्होल्ट. आपल्याकडच्या 50 हर्ट्झवर अॅम्पिअरला 3183 ने गुणून व्होल्टने भागलं की मायक्रोफॅरड येतात. मी कागदावर मांडलं, 50.07 आलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला असा आकडा दिला होता जो मी स्वतः पडताळू शकले.

मीटर विकत घ्यावा म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. बाजारात दोन-तीनशेला मिळणाऱ्या लहान पिवळ्या मीटरमध्ये बहुतेक वेळा कपॅसिटन्सचा खटकाच नसतो. काहींत असतो पण 20 मायक्रोफॅरडपर्यंतच, त्यावर 50 चा कपॅसिटर लावला तर नुसता 1 दिसतो आणि चांगला डबा खराब वाटतो. निदान 100 पर्यंत मोजणारा बघा. आणि आकडा बरोबर आला तरी तो मीटरच्या एक-दोन व्होल्टवरचा असतो. 440 व्होल्टचा ताण सोसताना आतून गळणारा कपॅसिटर त्यात कधी कधी सुटून जातो. फुगलेला डबा, तेलाचा डाग, जळकं टोक दिसलं तर आकडा काहीही येवो, काढून टाकायचा.

टीव्ही किंवा सर्किट बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांच्याही बाबतीत एक खबरदारी. बोर्डावरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, हजार-दोन हजार मायक्रोफॅरडचे, बझरवर लावले की सुरुवातीला क्षणभर वाजू शकतात. मीटर त्यांना भरत असतो म्हणून. भरले की गप्प होतात. त्या क्षणभराच्या आवाजावर कुणी ‘बोर्ड शॉर्ट आहे’ म्हणालं तर त्याला सळया धरून ठेवायला सांगा. आवाज थांबला नाही तर कपॅसिटरचा एक पाय बोर्डावरून सोडवून पुन्हा मोजायला सांगा.

मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला. तो नंबर आता बंद लागतो, ज्या खात्यात पैसे गेले ते तिसऱ्याच कुणाच्या नावावर आहे. पत्ता नाही, बिल नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नसतं, पण दावा घटनेपासून दोन वर्षांत लावावा लागतो, आणि लावायचा तर समोरच्याचं नाव-गाव हवं. माझ्याकडे यूपीआयची एक नोंद होती आणि 11.3 चा एक डबा.

ज्यांनी गेल्या दोन वर्षांत कॉम्प्रेसर बदलून घेतला असेल त्यांनी ओळखीच्या जाणकाराला बोलावून, वीज बंद करून, आउटडोअरचं झाकण एकदा काढून बघावं. नळ्यांचे सांधे नवे आहेत का, आणि पाटीवर रंग असेल तर त्याखाली कुठलं साल आहे. बिल हातात असेल तर तुमचे दिवस अजून शिल्लक असतील.