कॅश साफ करायचं बटण आता कुणी दाबत नाही : पोस्टग्रेसचं लिसन-नोटिफाय, एका हंगामानंतर

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा व्यापाऱ्यांसाठी आम्ही दरांचं ॲप चालवतो. दर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असतात आणि पटकन दाखवायला त्यांची तात्पुरती प्रत, म्हणजे कॅश (cache), रेडिस या मेमरीतल्या साठ्यात असते. ॲपमधून दर बदलला की ती कॅश लगेच साफ होते. अडचण होती ती आडत्यांकडच्या हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरची. ते थेट डेटाबेसच्या टेबलात लिहितं आणि ॲपला त्याचा पत्ताच नसतो. मग सकाळी लिलाव सुरू असतानाच फोन यायचा, "भाऊ, भाव बदलला म्हनता, मोबाइलवर तं कालचाच दिसून रायला!"

आधी यावर दोन उपाय होते. एक म्हणजे सगळं रेडिस रिकामं करणं. पण लॉगिनची सेशन्सही तिथंच असल्याने सगळे व्यापारी एकदम बाहेर फेकले जायचे. दुसरा उपाय ॲडमिनमधलं 'कॅश साफ करा' बटण, म्हणजे ते दाबायची आठवण ठेवणारा माणूस आला. आंबिया बहराच्या आधी हे दोन्ही बंद करून टेबलावर ट्रिगर बसवला, म्हणजे ओळ बदलली की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड.

ट्रिगर नोटिफाय करतो, म्हणजे पोस्टग्रेसमधून एक संदेश सोडतो; त्यात फक्त टेबलाचं नाव आणि ओळीचा आयडी जातो. तो ऐकायला (लिसन) पायथनचा एक छोटा प्रोसेस आहे, तो रेडिसमधली तेवढी की, म्हणजे त्या ओळीची कॅशमधली नोंद, अनलिंक करतो (काढून टाकतो). नवा दर तो कॅशमध्ये लिहीत नाही. पुढचा जो कोणी पाहील, त्याच्यासाठी तो डेटाबेसमधून येतो.

सगळ्यात आवडलं ते हे, की संदेश कमिट झाल्यावरच, म्हणजे बदल पक्का झाल्यावरच सुटतो. रोलबॅक झालं, म्हणजे बदल मागे घेतला, तर काहीच जात नाही. शिवाय एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटात) अगदी तोच संदेश कितीही वेळा पाठवा, ऐकणाऱ्याला एकदाच मिळतो. रात्री एकदम मोठा डेटा भरताना म्हणून आम्ही आयडी वगळून नुसतं टेबलाचं नाव पाठवतो आणि त्या टेबलाच्या सगळ्या की उडवतो. संदेशाला ८००० बाइटच्या आतच राहावं लागतं, पण त्यात आख्खी ओळ कोंबायचा मोह न केलेलाच बरा.

आता डोकेदुखी. ऐकणारा जोडलेला नसेल तर त्या वेळचे संदेश गेले ते गेलेच, त्याच्यासाठी कुणी साठवून ठेवत नाही. त्याहून वाईट म्हणजे मधल्या फायरवॉलने निवांत पडलेलं कनेक्शन गुपचूप तोडलं तर प्रोसेसला वाटतं सगळं आलबेल आहे. लॉगमध्ये एरर नाही, भाव मात्र शिळा! म्हणून आता हा प्रोसेस दर मिनिटाला दुसऱ्या कनेक्शनवरून स्वतःलाच एक नोटिफाय पाठवतो. तो परत आला नाही की नव्याने जोडतो आणि जोडल्यावर दरांच्या सगळ्या की उडवतो. या एका गोष्टीने सकाळचे फोन थांबले.

पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन्स वाटून देणारा मधला प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर लिसन चालत नाही, ऐकणाऱ्याला थेट कनेक्शन द्यावं लागतं. टेबल ट्रंकेट (एकदम रिकामं) केलं तर ओळींवरचे ट्रिगर चालतच नाहीत, त्यासाठी वेगळा ट्रिगर लागतो. आणि कुणी ट्रिगर बंद करून डेटा भरला, तर मग हरी हरी.

टीटीएल, म्हणजे कॅशमधल्या नोंदीची मुदत, मात्र काढू नका. कुणी जुना दर कमिटच्या आधी वाचला आणि की उडाल्यानंतर कॅशमध्ये ठेवला, तर तो शिळा भाव तिथंच बसतो. आमचं टीटीएल पाच मिनिटांचं आहे, तेवढ्यात तो आपोआप जातो.

डेटाबेसमधले बदल टिपणारं डेबेझियमही पाहिलं होतं. ते पोस्टग्रेसचा वॉल (WAL, प्रत्येक बदलाची नोंदवही) वाचतं, म्हणून तुटलं तरी राहिलेले बदल पुन्हा मिळतात. पण त्यासोबत सहसा काफ्का ही संदेश साठवणारी वेगळी यंत्रणाही सांभाळावी लागते, आणि आमच्यासारख्या चार जणांच्या ऑफिसला ती परवडत नाही. पैशांचे व्यवहार कॅशमधल्या आकड्यांवर चालत असतील तर तिकडेच जा. मायएसक्यूएलवाल्यांकडे नोटिफायसारखं काही नाहीच, त्यांना सहसा बिनलॉग (तिथली बदलांची नोंदवही) वाचावा लागतो.