इंडक्शन शेगडी बदलताय? आधी भिंतीतली वायर बघा

दुकानात इंडक्शन शेगडी मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅटची दाखवू?’ आणि लगेच दुसरा, ‘मेनू किती हवेत?’ दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. दूध, इडली, डोसा अशी बटणं कितीही असोत, आत ठरावीक वॅट आणि ठरावीक वेळ एवढंच भरलेलं असतं. जुनी शेगडी गेली म्हणून नवी घेणाऱ्याने बघायचं ते वेगळंच: ओट्यावरचा पॉइंट, काचेखालच्या कॉइलचा, म्हणजे भांडं तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, व्यास, मंद आचेवर शेगडी कशी वागते आणि काच फुटली तर मिळणार का.

त्याआधी जुनी खरोखर गेली आहे का ते तपासा. पाच-सात मिनिटं नीट चालून बंद पडत असेल तर बहुतेक वेळा पंखा दोषी असतो. पिठाची धूळ आणि तेलाची वाफ मिळून पात्यांवर चिकट थर बसतो, पंखा मंदावतो, आतला सेन्सर तापमान वाढलं म्हणून पुरवठा तोडतो. साफसफाई किंवा नवा पंखा, काम झालं. शेगडी मुळात चालूच होत नसेल तर फ्यूज उडालेला असतो, पण फ्यूज एकटा क्वचितच जातो. त्याच्या मागे आयजीबीटी (कॉइलची वीज वेगाने चालू-बंद करणारा भाग) किंवा ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) शॉर्ट झालेला असतो. ‘फक्त फ्यूज टाकून देतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिककडे दिलीत तर खटका दाबताक्षणी नवा फ्यूजही जाईल. झुरळं हे आणखी एक कारण. उबदार बोर्ड त्यांना आवडतो, खालच्या जाळीतून ती आत शिरतात आणि पावसाळ्यात, दमट हवेत, बोर्डावर शॉर्ट करून जातात. काचेला तडा गेला असेल तर मात्र विषय संपला. उतू गेलेलं दूध त्या फटीतून थेट वीज खेळणाऱ्या कॉइलवर उतरतं. अशी शेगडी चिकटपट्टी लावून वापरू नका. सुट्या, स्वस्त शेगडीची काच बदलण्याचा खर्च नव्या शेगडीच्या इतका जवळ जातो की दुरुस्तीत अर्थ नसतो. ओट्यात कायमच्या बसवलेल्या शेगडीची, म्हणजे हॉबची, गोष्ट वेगळी, तिथे काच आणि बोर्ड दोन्ही स्वतंत्र मिळतात का हे आधी विचारावं.

आता वायर. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियर ओढते. साध्या ६ अँपियरच्या पॉइंटची धाव १३८० वॅटपर्यंत. तरीही मोठ्या पिनला कन्व्हर्टर लावून शेगडी मिक्सरच्या पॉइंटवर चालवणारी घरं कमी नाहीत. आधी प्लॅस्टिकचा वास येतो, मग पिनेच्या भोकाभोवती तपकिरी कडं उमटतं, आतली पितळी पट्टी तापून सैल होते आणि सैल झाली म्हणून आणखी तापते. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, मागे किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि चालू अर्थिंग एवढं हवंच. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्या असोत की नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या सुरुवातीच्या सिडको इमारती, मूळचं वायरिंग बदललेलं नसेल तर सॉकेट नवा दिसतो म्हणून समाधान मानू नका. वायरमनला प्लेट उघडून वायर दाखवायला सांगा. घरच्या घरी करण्याजोगी तपासणी अशी: पूर्ण आचेवर वीस मिनिटं पाणी उकळा, शेगडी आणि मग भिंतीवरचा खटका बंद करा, पिन काढून तिच्या प्लॅस्टिकला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नवी शेगडी घेण्याआधी पॉइंट बदला.

सुट्या, एका चुलीच्या शेगडीत फिलिप्स, प्रेस्टिज, बजाज, पिजन, हॅवेल्स अशी सगळी नावं मिळतात आणि कामात त्यांचा फरक खोक्यावर दिसतो तेवढा नसतो. फरक पडतो तो कॉइलमुळे. काचेवर छापलेलं वर्तुळ म्हणजे कॉइल नव्हे, छपाई २० सेंटिमीटरची आणि खाली कॉइल त्याहून बरीच लहान असा प्रकार सर्रास आढळतो. पत्ता लावायची युक्ती सोपी आहे. रुंद बुडाच्या पातेल्यात बोटभर पाणी घाला, आच वाढवा आणि पहिले बुडबुडे किती जागेत उठतात ते बघा. ते कडं म्हणजे तुमची खरी चूल. १० सेंटिमीटरचं कडं असेल तर त्यावरच्या तव्यात पोळी मधोमध करपणार आणि कडेला कच्ची राहणार. पातेल्यासाठी आणि कुकरसाठी १८ सेंटिमीटरच्या आसपासची कॉइल बरी.

याच पातेल्यावर दुसरी, जास्त महत्त्वाची चाचणी करा. आच ३०० किंवा ४०० वॅटवर आणा. स्वस्त शेगड्यांचं सर्किट साधारण ८००-१००० वॅटच्या खाली सलग चालू शकत नाही. मग ती काय करते, तर काही सेकंद १००० वॅट देते, काही सेकंद पूर्ण थांबते आणि सरासरी ३०० काढते. पाणी खदखदतं, शांत होतं, पुन्हा खदखदतं. भाताला, वरणाला याने काही बिघडत नाही. पण बासुंदी, खीर, पिठलं, पाक यांना हा झटक्याचा ताप सोसत नाही, बूड लागतं आणि तुम्ही ‘इंडक्शनवर दूध करपतंच’ म्हणून मोकळे होता. बरे हॉब खालच्या आचेवरही सलग चालतात. दुकानदार चाचणी करू देत नसेल तर त्या दुकानातून फक्त किंमत विचारून यावं. वाशीचं सेक्टर १७ असो की ठाण्यातला गोखले रोड, दोन दुकानं पुढे कुणीतरी प्लग लावून दाखवतंच.

वॅट खरे आहेत का हेही पाण्यावरच कळतं. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानावरून उकळायला साधारण ०.१ युनिट लागतं, म्हणजे २००० वॅटवर तीन मिनिटं आणि १२०० वॅटवर पाच. झाकण ठेवून २००० वॅटवर साडेचार मिनिटं लागत असतील तर एकतर व्होल्टेज पडलंय, नाहीतर भांड्याचं बूड नीट पकडलं जात नाही, नाहीतर खोक्यावरचा आकडा फुगवलेला आहे.

बटणांबाबत आमचं मत जुन्या वळणाचं आहे. काचेवरचं टच पॅनल पुसायला सोपं, पण ओल्या बोटांना दाद देत नाही आणि उतू गेलेलं पाणी त्यावर पोचलं की शेगडी टीं-टीं करत बंद होते. प्लॅस्टिकच्या पापुद्र्याखालची दाबायची बटणं ओल्या हाताने चालतात, मात्र चालू-बंद आणि अधिक-उणे या जागी पापुद्रा आधी फाटतो आणि त्यातून हळदीचं पाणी आत जातं. गोल फिरवायचा नॉब मिळाला तर आम्ही तोच घेऊ. दुर्दैवाने फार थोड्या मॉडेलना असतो.

ओट्यात बसवायच्या हॉबकडे वळलो की खर्च आणि चुका दोन्ही वाढतात. बॉश, सीमेन्स, एलिका, फेबर, हाफले, काफ यांचे हॉब इथल्या मॉड्युलर किचनवाल्यांकडे दिसतात. ६० सेंटिमीटरच्या हॉबला ग्रॅनाइटमध्ये साधारण ५६० × ४९० मिलिमीटरचा खाचा लागतो, काच त्यापेक्षा थोडी मोठी असते आणि कडेवर टेकते. आधी गॅसचा हॉब असेल तर त्याचा खाचा बहुधा वेगळ्या मापाचा असतो. लहान असला तर कापून मोठा करता येतो. मोठा असला तर ग्रॅनाइटची पट्टी जोडावी लागते आणि ती जागा कायम कच्ची राहते. म्हणून जुना हॉब काढून, खाचा मिलिमीटरमध्ये मोजून, मगच मॉडेल ठरवा. माप खाच्याचं घ्यायचं, जुन्या काचेचं नाही. खाली ड्रॉवर असेल तर हॉबच्या तळाखाली किमान २० मिलिमीटर मोकळी हवा आणि मागे हवा जायला फट हवी. नाहीतर भर उन्हाळ्यात तो आपोआप आच कमी करत राहतो. कडेला सोबत आलेली फोमची पट्टीच लावा. फिटर सिलिकॉनची नळी काढेल, त्याला थांबवा. सिलिकॉनने चिकटवलेली काच पुढे दुरुस्तीसाठी उचलताना फुटते.

चार चुलींचा हॉब बहुधा ७.२ ते ७.४ किलोवॅटचा असतो, म्हणजे ३२ अँपियर. त्याला मीटरपासून स्वतंत्र ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३२ अँपियरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) लागतो. बिलावरचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या घराला मान्य केलेले किलोवॅट, आधी वाचा. ठाणे आणि नवी मुंबईत महावितरणचं बिल, कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात टोरंट कंपनीचं. गीझर आणि एसी आधीच असलेल्या घरात ३ किलोवॅट मंजूर भारावर असा हॉब लावायचा तर भार वाढवण्याचा अर्ज आधी. बऱ्याच हॉबना सेटिंगमधून कमाल किलोवॅट बांधून ठेवता येतात, ही सोय आहे का ते विचारा. मागच्या टर्मिनलवर एका फेजसाठी आणि दोन फेजसाठी पितळी पट्ट्यांची मांडणी निराळी असते. एका फेजच्या घरात पट्टी लावायची राहिली तर हॉबची एकच बाजू तापते. तीन फेजच्या घरात ती चुकीची लागली तर चालू करताक्षणी बोर्ड जळू शकतो. पुस्तिकेतली आकृती फिटरसमोर उघडून ठेवा.

चारही चुली एकदम पूर्ण आचेवर चालत नाहीत, हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. डावीकडच्या पुढच्या-मागच्या चुली मिळून एक जोडी आणि उजवीकडच्या दुसरी अशी वाटणी बहुतेक हॉबमध्ये असते. एकीवर बूस्ट, म्हणजे जादा ताकदीचं बटण, दाबला की तिच्या जोडीदार चुलीची आच उतरते. कुकर डावीकडे ठेवलात तर तवा उजवीकडे ठेवा. चौघांच्या घराला आमच्या मते शेजारी-शेजारी दोन चुलींचा, साडेतीन किलोवॅटचा हॉब पुरतो, त्यातही पाइपगॅस असेल तर नक्कीच. तो १५ अँपियर सलग ओढतो, म्हणून प्लगवर न चालवता ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीने २० अँपियरच्या एमसीबीला थेट जोडून घ्यावा. पुढे-मागे चुली असलेला ३० सेंटिमीटरचा अरुंद हॉब जागा वाचवतो, पण पुढे मोठं पातेलं असताना मागची फोडणी हात भाजून घ्यायला लावते.

भांडी. चुंबक बुडाला घट्ट चिकटला तर चालेल, लटपटला तर शेगडी कुरकुरत कमी ताकदीने चालेल, चिकटलाच नाही तर नाही. ‘१८/८’ छाप असलेलं उत्तम स्टील बहुधा चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे महाग म्हणजे चालणारं असं समजू नका. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, नुसत्या अ‍ॅल्युमिनियमचं मोदकपात्र बाद. कुकरच्या बुडाला बसवलेली स्टीलची चकती मोजा, चूल तेवढ्याच भागाला ताप देते. फोडणीचं कढलं १० सेंटिमीटरहून लहान असेल तर बऱ्याच शेगड्या ते ओळखतच नाहीत. बिडाचा तवा छान चालतो, पण ७००-८०० वॅटवर पाच मिनिटं सावकाश तापवा आणि काचेवर ओढू नका, उचलून ठेवा. पातळ पत्र्याचा लोखंडी तवा पूर्ण आचेवर मधून फुगतो आणि मग भोवऱ्यासारखा फिरत राहतो. भाकरी आणि फुलके शेकायला गॅसच लागणार.

विजेच्या हिशोबात एक गोष्ट सुटते. रोज तासभर, सरासरी १२०० वॅटने स्वयंपाक केला तर महिन्याला ३६ युनिट होतात. घराचा वापर २८० युनिट असेल तर यातले १६ युनिट ३०१-५०० च्या टप्प्यात जातात आणि त्यांचा दर वरचा लागतो. गॅसशी तुलना करायची तर या शेवटच्या युनिटांच्या दराने करा, बिलाच्या सरासरीने नको. घरच्या इन्व्हर्टरवर शेगडी चालणार नाही आणि टॉवरच्या जनरेटरची फ्लॅटला दिलेली लाइन सहसा दिवे-पंख्यांपुरती असते. वीज गेल्यावरचा पर्याय म्हणून इंडक्शन घेऊ नये.

स्वयंपाक झाल्यावर भिंतीवरचा खटका लगेच बंद करू नका. शेगडी तिच्या बटणाने बंद करा, पंखा थांबू द्या, मग खटका. गरम काचेचा ताप खाली आयजीबीटीपर्यंत उतरतो आणि पंख्याविना तो तिथेच साठतो. घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंडक्शन घेऊ नका.

बिल करण्यापूर्वी वॉरंटी कार्ड उघडून वाचा, बहुतेकांत काच वगळलेली असते. सर्व्हिसचा माणूस तुमच्या पिनकोडला घरी येतो की शेगडी उचलून न्यावी लागते, हे दुकानदाराला न विचारता त्याच्यासमोरच कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा. त्याच फोनवर त्या मॉडेलच्या सुट्या काचेची किंमतही विचारा. किंमत सांगता येत नसेल तर ती काच मिळणं अवघड, असं समजून दुसरं मॉडेल बघा.