मालवणातला स्पोकन इंग्लिशचा क्लास, दोन महिने केल्यावर

तारकर्लीला आमचं होमस्टे आहे, पाहुणे सगळीकडचे येतात, म्हणून मालवण बाजारातला संध्याकाळचा क्लास लावला. व्याकरण ठीकठाक आहे, पण मॅडम वाक्प्रचार ज्या पद्धतीने शिकवतात ना, खास त्याच्यासाठी लिहायला बसले.

एक दिवस फळ्यावर 'वन्स इन अ ब्लू मून' लिहिलं आणि अर्थ सांगायच्या आधीच विचारलं, २०२३ ची नारळी पौर्णिमा आठवते का? त्या वर्षी अधिक श्रावण होता, १ ऑगस्टला अधिकातली पौर्णिमा झाली आणि ३०-३१ ला नारळी, म्हणजे एकाच इंग्रजी महिन्यात दोन. त्यातल्या दुसऱ्या पूर्ण चंद्राला ब्लू मून म्हणतात, तो निळा वगैरे दिसत नाही, आणि येतो साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी, आपल्या अधिक महिन्यासारखाच. बंदरावर नारळ लढवत मोठे झालेलो आम्ही, लगेच डोक्यात बसलं. आपलं 'सठीसहामाशी' म्हणतो तसंच.

मग प्रत्येकाने वाक्य करायचं. मी म्हटलं, माय ब्रदर कम्स होम वन्स इन अ ब्लू मून. मॅडमनी विचारलं कधी येतो, म्हटलं गणपतीला आणि शिमग्याला. मग नाही चालणार म्हणाल्या, चाकरमानी दरवर्षी ठरल्या वेळी येतात, हे ज्याचा काही नेम नाही त्याच्यासाठी. माझे बाबा मुंबईला कधीतरी चुकून जातात, तिथे बरोब्बर बसलं. अजून एक, आपण मराठीत 'क्वचितच जात नाही' असं म्हणत नाही तसं इथे 'डोन्ट' लावायचं नाही, सरळ 'ही गोज टू मुंबई वन्स इन अ ब्लू मून', आणि शक्यतो वाक्याच्या शेवटी. बोलताना छान वाटतं, बँकेच्या अर्जात नको.

उणं काय सांगायचं तर बॅचमध्ये पंचवीस जण, त्यामुळे बोलायची पाळी उशिरा येते, आणि पावसात लाईट गेली की क्लास सुटतो, इन्व्हर्टर घ्यायलाच हवा त्यांनी. तरी मी पुढची बॅच पण लावतेय.

परवा एका पाहुण्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः कधी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता का, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, वन्स इन अ ब्लू मून! दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत होडीत मी पण बसले.