जुन्या टॉकीजच्या जागेवरचं नवं थिएटर: पडदा पाच तारे, माणसं दीड

तारे आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. पडद्याला पाच, आवाजाला साडेचार, संडासाला पाच, माणसांना दीड. सरासरी जुळत नाही म्हणाल, तर मी ३२ वर्षं रोज रात्री टॉकीजचा डीसीआर, म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा तक्ता, भरलाय. कुठल्या आकड्याला किती वजन द्यायचं, ते मला विचारू नका.

थिएटरचं नाव लिहीत नाही. बडनेरा आणि भुसावळच्या मधलं आमचं तालुक्याचं गाव, त्यात हे एकच थिएटर. गावातल्यांना कळलं, बाकीच्यांना नाव घेऊन काय करायचंय? याच जागेवर आमची पक्की टॉकीज होती. १९७९ साली मी तिथे बुकिंग क्लार्क म्हणून लागलो आणि २०११ मध्ये मॅनेजर म्हणून बाहेर पडलो. त्याच मालकाची दुसरी टॉकीज रेल्वे फाटकापलीकडे होती, पत्र्याची. तीही मीच बघायचो. पावसाळ्यात तिथे हिरोचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण मारामारी बरी वाटायची. पक्की टॉकीज पाडली, खाली कापडाची दुकानं झाली आणि वर दोन पडदे आले. एक १७० खुर्च्यांचा, दुसरा शंभराच्या आतला. आमच्याकडे बाल्कनी धरून ६४० होत्या.

परवाच्या शनिवारी बायकोला घेऊन सहाचा खेळ बघायला गेलो. (तिला इतकी वर्षं फुकट सिनेमे दाखवले, पण शेजारी बसून पूर्ण सिनेमा एकही बघितला नव्हता. त्यावरून अजून ऐकतो.)

तिकिटाची खिडकी आहे, पण आत बसलेला मुलगा म्हणाला, "काका, मोबाइलवर काढा ना, लवकर होते." खिडकीसमोर मी एकटा उभा होतो. यापेक्षा लवकर काय व्हायचं होतं? मोबाइलवर काढलं तर वर पंचवीस-तीस रुपये 'सोयीचे' जातात, म्हणून हट्टाने खिडकीवरच घेतली. दीडशेचं एक. तिकिटावर जीएसटी वेगळा छापलेला असतो, २२ रुपये ८८ पैसे. छापील हिशोब बघून बरं वाटलं. आमच्या वेळी तिकिटाची पुस्तकं करमणूक कर खात्याचा शिक्का मारून आणावी लागायची आणि इन्स्पेक्टर कधी येऊन थिएटरातली डोकी मोजेल याचा नेम नसायचा. आता निवृत्त झालोय, तर सांगतो. गेटवर तिकीट फाडायचंच नाही, मुठीत ठेवायचं, आणि पुढच्या खेळाला तेच परत खिडकीवर पाठवायचं, ही कला आमच्या डोअरकीपरकडे होती. कर बुडायचा आणि वितरकाचा हिस्साही बुडायचा. म्हणून वितरक आपला प्रतिनिधी पाठवायचा आणि तो दारात बसून आकडे लिहायचा. मग प्रतिनिधीच्या जेवणाची सोय आम्ही जरा जास्तच चांगली करायचो. तिकिटं ब्लॅकने विकणाऱ्यांची ओळही मॅनेजरला ठाऊक नसताना चालत नव्हती. माझ्याही खिशात त्यातलं आलंय, उगाच साव बनत नाही. यांचा संगणक प्रत्येक तिकीट धरतो, इथे ते जमायचं नाही. या बाबतीत नव्या थिएटरला पूर्ण मार्क.

फॉयर, म्हणजे आत शिरल्यावरचं दालन, थंडगार आहे, दिवे छान आहेत. साधा खारा पॉपकॉर्न १९० ला. पिशवी तपासतात, घरचं काही नेऊ देत नाहीत. त्यावर माझी तक्रार नाही. बाहेरचे पदार्थ अडवायचा अधिकार थिएटरवाल्यांना आहे, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंच आहे. पण त्याच निकालात प्रेक्षकाला पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं, हेही आहे. कूलर सापडला, पण कुठे? बायकांच्या संडासाशेजारच्या बोळात, आणि तिथे ग्लास नाही. काउंटरवर मागितला तर कागदी कप "कोल्ड्रिंकच्या हिशोबात असतात." ओंजळीने प्यालो. बायको लांब जाऊन उभी राहिली.

आत मी सगळ्यात आधी दारं बघितली. ही जुनी खोड आहे. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार टॉकीजला आग लागून ५९ माणसं गेली. त्याआधी मीही खेळ सुरू झाल्यावर फुकटे घुसू नयेत म्हणून बाजूच्या दाराला बिनधास्त कडी घालायचो. नंतर नाही. रोज पहिल्या खेळाआधी प्रत्येक दार स्वतः ढकलून बघायचो. इथे डावीकडचं दार एका बोटाने उघडतं, उत्तम. उजवीकडचं उघडलं तर बाहेर जिन्याच्या तोंडाशी कपांची खोकी छातीपर्यंत रचलेली. मालक हे वाचत असतील तर बाकीचं काही करू नका, पण ती खोकी आजच हलवा.

खुर्च्या मऊ आहेत, पाय लांब करता येतात, पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही. आमच्या थर्डात, म्हणजे सगळ्यात स्वस्त वर्गात, पत्र्याच्या खुर्च्या होत्या, ढेकणांसकट.

आता पडदा. पाच तारे दिलेत, पण पहिली बारा मिनिटं ते देण्याजोगं काही नव्हतं. सिनेमा स्कोपचा, म्हणजे रुंद चित्राचा होता, मशीनवर सेटिंग मात्र दुसरं लागलेलं. चित्र पडद्याच्या मधोमध छोटं आणि चारही बाजूंनी काळं, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोसारखं. हॉलमध्ये वीस-बावीस माणसं. एकानेही हूं की चूं केलं नाही. मला हे समजतच नाही. आमच्या इथे ऑपरेटर स्कोपची लेन्स चढवायला विसरला, की पडद्यावरची माणसं बांबूसारखी लांबट दिसायची, आणि तिसऱ्या सेकंदाला थर्डातून शिट्टी, पाचव्याला "ए ऽऽ ऑपरेटर!" आणि पुढे त्याच्या घरच्यांचा उद्धार. अर्ध्या मिनिटात लेन्स चढायची.

उठून बाहेर गेलो. फॉयरमध्ये पॉपकॉर्नवाला पोरगा सोडून कोणी नाही. त्याला म्हटलं, चित्र चुकीचं लागलंय, वर ऑपरेटरला सांग.

"वर कोनी नसते काका. थे सकाळीच लावून ठेवतात, दिवसभर आपोआप चालते."

"मग मॅनेजर?"

"साहेब अकोल्याले गेले. मी फोन करून पायतो."

त्याने फोन लावला, तिकडच्याने आणखी कोणाला तरी लावला. मी आत येऊन बसलो आणि थोड्या वेळाने चित्र एकदम सरकत सरकत पडदाभर पसरलं. कुठल्या गावातून कोणी बटण दाबलं, देव जाणे.

त्या पोराचा दोष नाही. पण प्रोजेक्शन रूम रिकामी असते, हे ऐकून मला कसंतरी झालं. आमच्या वरच्या खोलीत दोन मशिनी आणि एक चाचा होते, आमचे ऑपरेटर. मशिनीत कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या. त्यांच्यातलं अंतर सारखं राखत राहावं लागायचं, नाहीतर पडदा आधी पिवळा पडायचा आणि मग अंधार. दोन हजार फुटी रीळ बावीस मिनिटांत संपायचं. संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका झळकायचा. तो दिसला की दुसऱ्या मशिनीची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की पडदा तिकडे द्यायचा. चाचा हे विडी ओढत करायचे आणि प्रेक्षकाला सांधा कळायचा नाही. खोलीत उन्हाळ्यात इतकं उकडायचं की ते बनियनवरच असायचे. कार्बनच्या जागी झेनॉनचे दिवे आले तेव्हा म्हणाले, "आता काय, हे तर ट्यूबलाइटसारखं आहे."

खरी कसरत एका प्रिंटवर दोन टॉकीज चालवायची. प्रिंटची पेटी अमरावतीहून रेल्वेने यायची, पत्र्याची, एकट्याला न उचलणारी. पैसे एकाच प्रिंटचे भरलेले असायचे, म्हणून पक्क्या टॉकीजमध्ये खेळ सहाला सुरू आणि पत्र्याच्या टॉकीजमध्ये पाऊण तासाने. पहिलं रीळ संपलं की उलटं गुंडाळायचं, सायकलवाल्या पोराच्या कॅरिअरला बांधायचं, की तो निघाला फाटकापलीकडे. जाताना भरलेलं रीळ, येताना दाखवून झालेलं. तीन तासांचा सिनेमा म्हणजे अशा आठ-नऊ फेऱ्या.

आणि मध्ये फाटक. सेंट्रल रेल्वेची मेन लाइन ती! एका रात्री मालगाडी सिग्नलला थांबली ती अशी, की फाटकाच्या अलीकडे आमचं सहावं रीळ आणि पलीकडे चारशे माणसं. मी पत्र्याच्या टॉकीजमध्येच होतो. आधी साडी सेंटरच्या स्लाइडी दाखवल्या, मग छत्रीवाल्याच्या, मग परत साडी सेंटरच्या. लोकांनी खुर्च्या आपटायला सुरुवात केली. शेवटी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं, "रीळ फाटकात अडकलंय, मालगाडी हलली की येतं." थर्डातली दहा-पंधरा पोरं सरळ उठून फाटकाकडे गेली. पोराने सायकल टाकली आणि या पोरांनी रीळ हातोहात उभ्या गाडीच्या दोन डब्यांमधून अलीकडून पलीकडे घेतलं. गुन्हाच तो, आणि गाडी हलली असती तर मी आज हे लिहीत नसतो. पण रीळ आलं तेव्हा टॉकीजमध्ये जो गलका झाला, तो त्या सिनेमातल्या कुठल्याच सीनला झाला नव्हता.

तर चित्र. एकदा नीट लागल्यावर ते इतकं स्वच्छ आहे की बोलायची सोय नाही. कोपरे मधल्याइतकेच उजळ, ओरखडा नाही, थरथर नाही. आम्हाला प्रिंट मिळायची ती मोठ्या शहरांत पन्नास-शंभर दिवस घासून आलेली. पाऊस पडल्यासारख्या रेघा, आणि गाण्यातली दोन कडवी गायब. रात्रीच्या जंगलातल्या सीनमध्ये मला इथे झाडांची पानं वेगवेगळी दिसली. चाचांनी हे बघायला हवं होतं. आवाजही गोल फिरतो. अर्धा तारा कापलाय तो मागच्या डाव्या स्पीकरसाठी, जड आवाज आला की तो खर्र करतो. जी रांगेत बसून ऐका.

इंटरव्हल दहा मिनिटांचा, त्यात संडासाला गेलो. कोरडी फरशी, नळाला पाणी, साबण. हसू नका. आमच्या मुतारीचा वास वारा असेल तसा बाल्कनीपर्यंत यायचा. १९९१ ला 'माहेरची साडी' लागला तेव्हा खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टर भरभरून बाया आल्या. पदरात भाकरी, कडेवर पोरं. आणि त्या सगळ्यांसाठी आमच्याकडे दोन संडास होते, त्यातल्या एकाची कडी तुटलेली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी ऑफिसात आली आणि मला म्हणाली, "बापा, पिच्चर रडवते थे ठीक हाय, पन थ्या मोरीनं काहून रडवतं?" त्याच आठवड्यात मालकाच्या मागे लागून आणखी तीन बांधून घेतले. नव्या थिएटरच्या संडासाला पाच तारे या म्हातारीच्या वतीने आहेत, माझ्या नाही.

पण ती म्हातारी आज आली तर कोणाच्या ऑफिसात जाईल? दीड तारा का, ते एवढंच. खेळ सुटताना आमच्या इथे मॅनेजरने दारात उभं राहायचं असा मालकाचा नियम होता. लोकांची तोंडं बघायची. बाया डोळे पुसत निघाल्या तर दुसरा आठवडा नक्की. पोरं गप्प निघाली तर वितरकाला रात्रीच फोन, की शुक्रवारी पेटी बदला. इथे खेळ सुटला तेव्हा दारात फक्त झाडूवाला होता. तो आम्ही निघायची वाट बघत होता, आणि बरोबरच आहे, पुढच्या खेळाला वीस मिनिटं होती. बाहेर भिंतीवर एक चौकोनी चिन्ह चिकटवलंय, मोबाइलने टिपा आणि अभिप्राय द्या म्हणून. मी टिपलं. तारे मागितले, दिले. पुढे तक्रार लिहायला अडीचशे अक्षरांची जागा होती, त्यात माझी खोकीसुद्धा बसली नाहीत, म्हणून इथे लिहिलं.

जाणाऱ्यांसाठी: मोठ्या पडद्यात जी किंवा एच रांग, सात ते दहा नंबर. छोट्या पडद्यात पहिल्या तीन रांगा घेऊ नका, मान दुखते. मंगळवारी भाव उतरतात. गाडी खाली दुकानांसमोर लावू नका, कापडवाला हवा सोडतो. चित्र चुकलेलं दिसलं तर गप्प बसू नका, ओरडा. वर कोणी नसलं तरी पॉपकॉर्नवाल्याला ऐकू जातं आणि त्याच्याकडे फोन नंबर आहे. पोरगा कामाचा आहे. आणि पाण्याला ग्लास घरून न्या. रिकामा ग्लास अडवत नाहीत, दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नेऊन बघितला.