एसक्यूलाइटवर एसक्यूएल शिकताना: सहा महिन्यांनंतर

रिलेशनल डेटाबेस (माहिती टेबलांमध्ये ठेवणारा) आणि त्याला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल शिकायला मी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस निवडला, ते निव्वळ आळसापोटी. सर्व्हर बसवायचा नाही, पासवर्ड नाही. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. फारच घोळ झाला की फाइल उडवायची आणि नव्याने मांडायचं. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेलं हे सॉफ्टवेअर पब्लिक डोमेनमध्ये आहे, त्यामुळे लायसन्सची भानगडही नाही. पहिल्या आठवड्यात त्रास एवढाच, की अर्धविराम विसरला तर प्रॉम्प्ट तीन टिंबं दाखवून मख्ख बसतो.

सरावाला वाचनालय घेतलं: सभासद, पुस्तके आणि देवघेव अशी तीन टेबलं. सुरुवातीला सभासदाचा फोन नंबर देवघेवच्या प्रत्येक ओळीत लिहीत होते. एकाचा नंबर बदलला, चौदा ओळी दुरुस्त केल्या, पंधरावी राहिली. नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवणं, मला त्या पंधराव्या ओळीने शिकवलं.

तक्रार म्हणाल तर एसक्यूलाइट फार लाड करतं. पानांच्या इंटिजर (पूर्णांकाच्या) कॉलममध्ये मी चुकून ‘तीनशे’ असं अक्षरी लिहिलं, तर निमूट घेतलं. बेरजेत त्याचा शून्य धरला. फक्त उत्तरात ‘.०’ लागला म्हणून शंका आली. २०२१ पासून कॉलमचा प्रकार काटेकोर पाळणारी ‘स्ट्रिक्ट’ टेबलं करता येतात, पण ती आपण मागायची. फॉरेन कीचंही (इथला क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे, या अटीचंही) तेच. टेबलात लिहिली तरी तपासणी मुळात बंद असते, आणि प्रत्येक नव्या कनेक्शनला प्राग्मा ही सेटिंगची आज्ञा देऊन चालू करावी लागते. मला हे कळलं ते देवघेवच्या ओळी २१२ आणि सभासदांच्या टेबलाशी जॉइन केल्यावर (जोडल्यावर) २०९ भरल्या तेव्हा. तीन नोंदींचा सभासद मी कधीच डिलीट केला होता!

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते नलने, म्हणजे न भरलेल्या जागेने. एकही पुस्तक न नेलेले सभासद हवे होते. ‘नॉट इन’ (देवघेवच्या यादीत नसलेले) लिहिलं, उत्तर शून्य ओळी. असे काही जण आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळभर शोधल्यावर देवघेवमध्ये एक नोंद सापडली, सभासद क्रमांक न भरलेली. आता ७ हा क्रमांक त्या ‘माहीत नाही’पेक्षा वेगळा आहे का? उत्तर: माहीत नाही. आणि व्हेअरला (ओळी निवडणाऱ्या अटीला) ठाम ‘हो’च लागतं, म्हणून सगळेच गळाले. ‘नॉट एक्झिस्ट्स’ (ज्यांची नोंदच नाही असे) लिहिल्यावर पाच नावं आली. हा दोष एसक्यूलाइटचा नाही बरं का, एसक्यूएलमध्येच हे असं आहे.

इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) मात्र इथे छान समजतो. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कशी चालणार हे दाखवणारं ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ लावलं की आधी ‘स्कॅन’ (अख्खं टेबल चाळणं) दिसतं, इंडेक्स केल्यावर ‘सर्च’ (नेमकं शोधणं). एकदा इंडेक्स टाकल्यावर ओळींचा क्रमच बदलला आणि मी घाबरले. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारे एडगर कॉड यांच्या १९७० च्या मांडणीत ओळींना क्रम नसतोच, हे परीक्षेत लिहून आले होते की मी! तेव्हापासून क्रम लावून देणाऱ्या ‘ऑर्डर बाय’शिवाय क्रम गृहीत धरत नाही.

गेल्या आठवड्यात याच क्वेरी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेल्या. ‘ग्रुप बाय’ (गट पाडणं) सभासदावर आणि सिलेक्टमध्ये (दाखवायच्या कॉलमांत) पुस्तकाचं नाव, अशी माझी एक लाडकी क्वेरी होती. एसक्यूलाइट त्या गटातलं कुठलंतरी एक नाव उचलून देत होतं आणि मी ते शेवटचं नेलेलं पुस्तक समजत होते. पोस्टग्रेसने ती चालवायलाच नकार दिला. सध्या ती दुरुस्त करतेय.