तुळशीच्या पेटीसाठी घेतलेले तीन दिवे

आमचं घर डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. समोर सात मजली इमारत उभी राहिली आणि स्वयंपाकघरातलं ऊन गेलं. आईने संगमेश्वरहून आणलेली तुळस त्या पावसाळ्यात वाळली, पुढच्या वर्षी आणलेलीही वाळली. मी खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचे, "एवढा उजेड आहे की!" त्यावर आईचं एकच, "अगं, तिला उजेड नको, ऊन हवं."

शेवटी हॉलमधल्या जुन्या शोकेसचा एक कप्पा रिकामा केला. दोन फूट लांब, एक फूट खोल, दोन फूट उंच. आतून पांढराशुभ्र रंग दिला, म्हणजे बाजूला सांडणारा उजेड पानांवर परत येतो. गेल्या दीड वर्षात या पेटीत मी तीन प्रकारचे दिवे वापरले.

पहिला ऑनलाइन मागवलेला, क्लिपचा, चार लवचिक दांड्यांचा जांभळा दिवा. साडेआठशे रुपये. खोक्यावर ८० वॉट छापलेले. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथला वॉटमीटर आणून लावला तर दिवा १९ वॉट घेत होता. माझा पहिला आग्रह इथेच आहे: खोक्यावरचा मोठा आकडा सोडून द्या, दिवा भिंतीतून प्रत्यक्ष किती वीज ओढतो ते विचारा. विक्रेता सांगत नसेल तर तो दिवा घेऊ नका.

जांभळ्या रंगामागचं कारण सगळीकडे सांगितलं जातं: हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून तेवढाच द्या. हे अर्धंच खरं आहे. १९७२ साली मॅक्री या शास्त्रज्ञाने २२ पिकांच्या पानांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. पान हिरव्या प्रकाशावरही बऱ्यापैकी अन्न तयार करतं, हे त्यात दिसतं. शिवाय आपला नेहमीचा पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगांचा उजेड देणाऱ्या भुकटीचा थर. म्हणजे निळा, हिरवा, लाल, सगळं त्यात आलंच.

त्या दिव्याखाली कोथिंबीर उगवली आणि सुतासारखी लांबत जाऊन आडवी पडली. त्याहून मोठा त्रास वेगळाच होता. जांभळ्या उजेडात पानं काळपट दिसतात. मेथीवर मावा पडला तो मला चार दिवस कळला नाही. पान पिवळं पडतंय का, कडा करपतायत का, काही म्हणजे काही समजत नाही. ज्याला रोज झाडाकडे बघायचंय त्याने हा दिवा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉलमध्ये संध्याकाळी तो उजेड डोळ्यांनाही सोसत नाही.

मग एका शनिवारी सीएसएमटीला उतरून लोहार चाळीत गेले आणि साध्या दोन फुटी, १० वॉटच्या एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारख्या पट्ट्या, आणल्या. पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या (म्हणजे किंचित निळसर छटेच्या), एक १६० रुपयांना. आधी दोनच लावल्या, मेथी तरी बारीकच राहिली. तेव्हा मापायला बसले.

लक्स हे उजेडाचं माप, पण ते माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने केलेलं आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात तेजस्वी वाटतो, म्हणून जांभळ्या दिव्याचा लक्सचा आकडा काहीच सांगत नाही. पांढऱ्या एलईडीला मात्र एक कामचलाऊ हिशेब चालतो. लक्सला ७० ने भागलं की झाडाच्या कामाचं माप मिळतं, म्हणजे दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये. त्याला पीपीएफडी म्हणतात. लक्समीटर नसेल तर फोनच्या ॲपवर अंदाज येतो, पण दोन फोन दोन आकडे दाखवतात, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

आमच्या खिडकीत भर दुपारी ६०० लक्स भरले. उघड्या अंगणातल्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या आसपास जातो. डोळा स्वतःला जुळवून घेतो म्हणून आपल्याला घर उजळ वाटतं. आई म्हणत होती ते हेच.

दोन बॅटनखाली साडेसहा हजार भरले. चार लावल्यावर, पानांपासून वीतभर वर, १३ हजार. भागिले ७०, म्हणजे १८५ च्या आसपास. त्याला १४ तास आणि ०.००३६ ने (तासाचे ३६०० सेकंद, आणि मायक्रोमोलचे मोल करायला भागिले दहा लाख) गुणलं की दिवसाची शिदोरी, म्हणजे दिवसभरात एका चौरस मीटरवर पडलेले एकूण प्रकाशकण, निघते: साधारण ९.३ मोल. पालेभाजी दहा-बारा मोलवर जोमात येते, पण कोवळी खुडायची मेथी-कोथिंबीर नऊवर छान होते. आता दर तीन आठवड्यांनी आमटीपुरती कोथिंबीर पेटीतूनच निघते. चार बॅटन मिळून दिवसाला अर्ध्या युनिटच्या जरा वर, महिन्याला १७ युनिट. चौघींचे ६४० रुपये. पालेभाजीसाठी याहून महाग काही घ्यायची गरज नाही.

एक चूक मात्र केली होती. जास्त उजेड तर जास्त वाढ, म्हणून मध्ये १६ तास दिवे ठेवले. कोथिंबीर लगेच दांड्यावर आली आणि फुलली. तिला दिवस मोठा आणि उबदार मिळाला की ती पानं सोडून बियांच्या मागे लागते. पुन्हा कमी केले.

तुळस मात्र या चार बॅटनखाली नुसती जगली. पेरं लांब, पानं लहान, मंजिरी नाही. तिच्यासाठी तिसरा दिवा घेतला: पांढऱ्या एलईडींचा सपाट बोर्ड, मध्ये थोडे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचे लाल, मागे ॲल्युमिनियमची जाड पट्टी, तेज कमी-जास्त करायचं बटण. ४२०० रुपये. घेण्याचं कारण एकच, विक्रेत्याने किती उंचीवर, कोणत्या कोपऱ्यात किती पीपीएफडी पडतं त्याचा नकाशा दिला होता आणि प्रत्यक्ष वॉटही लिहिले होते. मीटरवर ४५ वॉट भरले. पूर्ण तेजावर तुळशीला दिवसाला पंधरा मोलच्या पुढे मिळतात. दीड महिन्यात पेरं आखूड झाली, पानं जाड झाली आणि वासही परत आला. बोर्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला लागेल तशी वीज पुरवणारा डबा, चांगलाच तापतो, तो पेटीच्या बाहेर बसवा. शोकेसचं मागचं प्लाय मी वरच्या बाजूला हातभर कापलंय, नाहीतर ओल साचून बुरशी येते.

आणि हे कृपा करून टाळू नका: पाणी आणि २३० व्होल्ट एका पेटीत नांदतायत. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. वायरीला सॉकेटच्या खाली एक झोल ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता तिथेच खाली गळतं. पाणी घालताना दिवा बंद.

टायमर साधा, खुंट्या दाबायचा, २४ तासांचा घेतला. पहाटे पाचला चालू, संध्याकाळी सातला बंद. सातची वेळ आईने ठरवली. बोर्ड विझला की ती शोकेसची काच सरकवते, निरांजन आत न ठेवता समोरच्या स्टुलावर लावते आणि हात जोडते.