मॅनिफोल्डची पट्टी: चौदा महिने वापरल्यानंतर

काल मॅनिफोल्डवरची, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावरची, उष्णता अडवणारी पट्टी सोडवली आणि तिच्याबरोबर मॅनिफोल्डचे पोपडेही हातात आले. म्हणून हे लिहितोय. सप्टेंबर २०२२ मध्ये याच पट्टीला मी पाच तारे दिले होते. ते परत घेतो.

गाडी १९६८ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणाऱ्या दोन एसयू कार्ब्युरेटरवाली. ती बनली त्या इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनपासून पंधरा मिनिटांवर मी राहतो, त्यामुळे मदतीला माणसं भरपूर आणि सल्ले त्याहून जास्त. या इंजिनाची खोड एमजीवाल्यांना सांगायला नको: आत जाणारं पेट्रोल आणि बाहेर पडणारा धूर एकाच बाजूला, आणि कार्ब्युरेटर नेमके एक्झॉस्टच्या डोक्यावर. चुलीवर दुधाचं पातेलं ठेवावं तसे. गाडी पळते तोवर वारा आणि ताजं पेट्रोल त्यांना थंड ठेवतं. बंद केली की खालची धग वर चढते आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळायला लागतं. त्याचे हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उडू लागतात. त्यात २०२१च्या सप्टेंबरपासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल.

१९ जुलै २०२२ला कोनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले, त्या दिवशी मी ए-३४ रस्त्याच्या कडेला उभा होतो. मागून इंधनपंपाची टिकटिक चाललेली, पुढे इंजिन ढिम्म. पाऊण तासाने आपणहून सुरू झाली, जणू काही घडलंच नाही.

मग खरेदी. जुन्या बिडाच्या जागी नळ्यांचा मॅनिफोल्ड आणि त्यावर गुंडाळायला काचतंतूची पट्टी, दोन इंच रुंद, दहा मीटर. एकाच दुकानातून, एकाच पावतीवर. ही पावती लक्षात ठेवा.

पट्टी पाण्यात भिजवून, ताणून, पाव इंच चढ ठेवत गुंडाळायची. हातमोजे घालूनसुद्धा मनगटांना खाजकुयली लागल्यासारखं झालं, दोन दिवस. पहिल्यांदा इंजिन तापवलं तेव्हा पट्टीतला चिकटा जळून इतका धूर झाला की शेजारच्या बाई फोन हातात घेऊन बाहेर आल्या. हे सगळं माफ.

माफ नाहीत ते टाय. पट्टी जागेवर धरायला स्टेनलेस स्टीलचे टाय, म्हणजे आवळायचे अरुंद पट्टे, लागतात. तीन भोकांचा मॅनिफोल्ड, प्रत्येक नळीची दोन टोकं, वळणं आणि खालचा जोड धरून मला अकरा लागले. डब्यात किती? चार! दहा मीटर पट्टी देणाऱ्याला चार टाय कुठे पुरणार हे कळत नसेल? कळतं, म्हणूनच शेजारच्या खणात दहांचं पाकीट नऊ पौंडांना ठेवलेलं असतं. पौंडाला शंभराने गुणायची सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे मला ते नऊशे रुपयांना पडलं. शिवाय कापलेलं टोक ब्लेडसारखं राहतं. उजव्या हाताचं बोट दोनदा कापलंय. टोक कापून वर कानशीने घासा, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

टाय सोडले तर मी खूश होतो. बॉनेटखालची धग कमी वाटली, पेट्रोल भरून परत किल्ली फिरवली की गाडी सुरू. तेव्हाच ते पाच तारे दिले. आता कळतंय की मी तारे दिले ते ऑक्सफर्डशायरच्या थंडीला.

कारण जून २०२३. ब्रिटनच्या नोंदींतला सगळ्यात उष्ण जून. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं उभी केली आणि पुन्हा तेच, टिकटिक आणि ढिम्म. घरी येऊन पहिल्यांदाच कार्ब्युरेटर काढून मागचा पत्रा नीट पाहिला. उष्णता अडवायला कंपनीने तो दिलेला असतो, त्याला अस्तर असतं. माझा पत्रा उघडा होता, अस्तर कधीच झडलेलं. (तुमच्याकडे मूळ अस्तर शिल्लक असेल तर खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही इथे १९९९मध्ये बंदी आली.) ॲल्युमिनियमचा मुलामा असलेलं नवं अस्तर चौदा पौंडांना मिळालं, तासाभरात बसलं. त्यानंतर जुलै, ऑगस्ट, अगदी सप्टेंबरातली उष्ण लाटसुद्धा. एकदाही रुसली नाही. म्हणजे मूळ दुखणं चौदा पौंडांचं होतं.

पट्टीने निदान नुकसान तरी केलं नाही, असं कालपर्यंत समजत होतो. थंडीत गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते, पट्टी ओल धरून बसते. आणि गाडी चालली की आत कोंडलेल्या उष्णतेने नळीचा पत्रा उघड्या नळीपेक्षा जास्त तापतो. साध्या पोलादाला दोन्हीकडून मार. नळ्या जिथे एक होतात तिथे पेन्सिलचं टोक जाईल एवढं भोक पडलंय.

आमचे काका कराडकडच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. फोनवर सांगितलं तर हसले. "अरे, लॅगिंगमध्ये, पाइपवरच्या उष्णता राखायच्या आवरणात, पाणी शिरलं की पाइप बाहेरून कुजतो, हे आमच्याकडे हेल्परलाही ठाऊक असतं. गुंडाळायच्या आधी विचारलं असतंस तर!"

दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं की पट्टी गुंडाळलेल्या मॅनिफोल्डला वॉरंटी लागू नाही, तसं माहितीपत्रकाच्या मागे छापलंय. छापलंय खरं, मुंगीच्या अक्षरात. मी पावती पाठवली: ओळ एक मॅनिफोल्ड, ओळ दोन पट्टी, ओळ तीन टाय. तिघांना एकत्र विकताना कुणाला हरकत नव्हती. यावर "आपल्या भावना समजतो" एवढंच आलं.

जुना बिडाचा मॅनिफोल्ड शेडमध्ये आहे. आमची ही तीनदा भंगारात द्यायला निघाली होती, मी दिला नाही. पुढच्या शनिवारी तोच परत चढवतोय, उघडाच, अस्तर लावलेल्या पत्र्याच्या भरवशावर. बदलणाऱ्यांसाठी एकच: इनलेट आणि एक्झॉस्टच्या कडा एकाच जाड वॉशरखाली दाबल्या जातात. दोन्हींची जाडी सारखी नसेल तर एक बाजू फुसफुसत राहते, तेव्हा आधी मोजा. ज्यांना गुंडाळायचंच आहे त्यांनी निदान स्टेनलेसच्या नळ्यांवर गुंडाळा, आणि गाडी रोज चालवत असाल तरच.

अकराच्या अकरा टाय चौदा महिन्यांनंतरही चकचकीत निघाले, गंजाचा ठिपका नाही. पाकिटातले तीन उरलेत, म्हणजे दोन पौंड सत्तर. ते तरी परत घेता का, असं दुकानाला विचारलं. पाकीट फोडलंय म्हणाले.